सुहृत्संमित वाचन

कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयांत घटकाभर बसून देवघेवीच्या टेबलाकडे पाहिलें असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. कादंबरी नेणारा वाचक ती हातीं पडतांच उघडून पाहतो. उभ्या उभ्याच चार ओळी वाचतो, आणि जिना उतरतांना त्याचें अर्धें चित्त पुस्तकांतच असतें. चरित्र, इतिहास, प्रवासवर्णन, निबंध किंवा एखाद्या शास्त्रीय विषयावरील ग्रंथ नेणारा गृहस्थ मात्र तो काखेंत मारून गंभीर मुद्रेनें निघून जातो. पहिल्यानें जणूं मिठाईचा पुडा घेतला आहे आणि दुसऱ्यानें औषधाची बाटली. वाचनाबद्दल विचारलें तर पहिला म्हणतो, "मोठें गोड पुस्तक आहे", दुसरा म्हणतो, "उपयुक्त आहे." रस कथेंत आणि उपयोग इतर ग्रंथांत, अशी ही वांटणी सुशिक्षितांच्या घरोघर इतकी रूढ झाली आहे कीं, ललितेतर ग्रंथ वाचण्यांत निखळ आनंद असतो असें कोणी म्हटल्यास हा मनुष्य पांडित्य मिरवीत आहे असाच संशय येतो.

हा संशय आमच्याहि मनांत पुष्कळ वर्षें होता. महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्याला असले ग्रंथ वाचणें भागच असतें, आणि जें भाग म्हणून करावें लागतें त्यांतील सुख ओळखूं येण्यास विलंब लागतो. परंतु वय पन्नाशीच्या पुढें सरकल्यावर आजवरच्या वाचनांतून मनांत काय उरलें ह्याचा हिशेब आम्ही करूं लागलों, तेव्हां असें आढळून आलें कीं, वाचनानें अत्यंत हर्ष झाला असे प्रसंग मोजावयाचे झाल्यास त्यांतले निम्मे तरी ह्या औषधाच्या बाटल्यांतूनच निघतात. मग दोन प्रश्न उभे राहिले. ह्या आनंदाचें स्वरूप काय? आणि तो एकट्यानें भोगून संपविण्याजोगा आहे, कीं भोगणाऱ्यावर कांहीं ऋण ठेवून जातो? पहिला प्रश्न रसिकतेचा आहे, दुसरा नीतीचा. आमच्या मतें पहिल्याचें उत्तर नीट सांपडलें कीं दुसऱ्याचें त्याच्या मागोमाग येतें. म्हणून त्याच क्रमानें जाऊं.

अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित मम्मट ह्यानें 'काव्यप्रकाशां'त काव्याचें प्रयोजन सांगतांना उपदेशाच्या तीन तऱ्हा मानिल्या आहेत. वेदादि शास्त्रांचा उपदेश प्रभुसंमित, म्हणजे धन्यासारखा. तो आज्ञा करतो, आणि तेथें 'कां' म्हणून विचारण्याची सोय नसते. पुराणें व इतिहास ह्यांचा सुहृत्संमित, म्हणजे मित्रासारखा. आणि काव्याचा कान्तासंमित, म्हणजे प्रियेसारखा. तो मन वळवितो, आणि मन वळलें हें वळून गेल्यानंतर कळतें. मम्मटाला थोरवी सांगावयाची होती ती काव्याची. त्यामुळें मधल्या पायरीवर तो फार वेळ थांबला नाहीं, आणि पुढें आपणांपैकींहि फारसें कोणी थांबलें नाहीं. आम्हांस वाटतें, आजच्या ललितेतर वाङ्मयाचें घर ह्या मधल्या पायरीवरच आहे. आपण मात्र त्याला नेऊन धन्याच्या गादीवर बसविलें, आणि मग त्याच्या सहवासांत मोकळेपणा वाटत नाहीं म्हणून कुरकुर करीत राहिलों. मित्र आज्ञा करीत नाहीं, आर्जवेंहि करीत नाहीं. जें पाहिलें, ऐकलें, सोसलें तें तो सांगतो, आणि "तुला काय वाटतें?" म्हणून थांबतो. त्या थांबण्यांतच मैत्रीचें बहुतेक सुख सांठविलेलें असतें.

हें सुख माहिती मिळाल्याचें नव्हे. एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. १८३८ सालीं चार्लस डार्विन ह्यानें माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचावयास घेतला. त्या वेळीं तो एकोणतीस वर्षांचा होता, आणि 'बीगल' जहाजावरील पांच वर्षांच्या सफरीहून परत येऊन त्याला दोन वर्षें झालीं होतीं. हा निबंध आपण केवळ करमणूक म्हणून वाचला, असें त्यानें आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. माल्थसचा मुख्य विषय मनुष्यांचा: अन्न ज्या वेगानें वाढतें त्याहून अधिक वेगानें प्रजा वाढूं पाहते, म्हणून जगण्यासाठीं ओढाताण अटळ आहे. डार्विनच्या मनांत पक्ष्यांचीं, कासवांचीं आणि वनस्पतींचीं टिपणें होतीं. दोहोंची गांठ पडली, आणि नैसर्गिक निवडीची कल्पना त्याला सुचली. पुढें वीस वर्षांनीं, मलाया द्वीपसमूहांत तापानें पडून असलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्याला पूर्वीं केव्हां तरी वाचलेला तोच निबंध आठवला, आणि तीच कल्पना त्यालाहि सुचली. १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें दोघांचे लेख एकत्रच वाचण्यांत आले. माल्थस वाचणारे ह्या दोघांखेरीज असंख्य होते, आणि माहिती सर्वांस सारखीच मिळाली होती. आनंद झाला तो माहितीचा नव्हता. आपल्याच घरांतील दोन खोल्यांच्या मधल्या भिंतींत एकाएकीं दार सांपडावें, तसा तो होता.

डार्विनची गोष्ट मोठी म्हणून सांगितली. परंतु हें दार सांपडण्यासाठीं डार्विन असावें लागत नाहीं. इरावती कर्वे ह्यांच्या 'युगान्ता'तील गांधारीवरील लेख वाचतां वाचतां आपल्याच घरांत वर्षानुवर्षें गप्प बसलेल्या एखाद्या आजीच्या मौनाचा अर्थ कित्येकांना अकस्मात् उमगला असेल. लेखिकेला ती आजी ठाऊक नव्हती, आणि आजीला तें पुस्तक ठाऊक नव्हतें. दोघींची गांठ वाचकानें घातली. ललितेतर ग्रंथाच्या वाचकाला असें कांहीं तरी स्वतः जोडून घ्यावें लागतें, आणि जोडतां आलें म्हणजे त्याला जो हर्ष होतो तो कर्त्याचा हर्ष असतो, प्रेक्षकाचा नव्हे.

ह्या आनंदाचा दुसरा एक घटक आहे. तो म्हणजे 'हें खरोखरच घडलें' ही जाणीव. वरसईचे विष्णुभट गोडसे हे घरच्या कर्जाच्या पायीं चार पैसे मिळविण्यासाठीं उत्तरेकडे निघाले, आणि १८५७ च्या उठावांत सांपडले. झांशीचा वेढा व पाडाव त्यांनीं शहरांत राहून पाहिला. पुढें चिंतामणराव वैद्य ह्यांच्या सांगण्यावरून त्यांनीं आपली हकीकत लिहिली, आणि 'माझा प्रवास' हें मराठी वाचकाचें एक आवडतें पुस्तक झालें. सत्तावन सालाच्या इतिहासांत आपण सेनापति, तह आणि लढाया वाचतों. येथें एक गरीब भिक्षुक दक्षिणेची चिंता करतो, लुटला जातो, आणि इतक्या धामधुमींतून आईबापांसाठीं गंगेची कावड कोंकणांत घेऊन येतो. ती कावड कोणा कादंबरीकारानें कल्पिली असती तर आपण तिचें कौतुक केलें असतें; ती खरोखर एका माणसाच्या खांद्यावर होती हें आठवलें म्हणजे आपलाहि खांदा क्षणभर जड होतो.

ह्या पुस्तकाचें पुढें काय झालें तेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९०७ सालीं वैद्यांनीं तें छापलें, तें मूळ लिखाणांत फेरफार करून. इंग्रजी अंमलांत सर्वच जसेंच्या तसें छापणें धोक्याचें होतें. मूळ संहिता वाचकांपुढें आली ती १९६६ सालीं, दत्तो वामन पोतदार ह्यांच्या संपादनानें. म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनीं वाचकांना 'असें नव्हे, असें होतें' म्हणून सांगण्यांत आलें, आणि कोणीहि त्याला पुस्तकाचा अपमान मानलें नाहीं. ह्या जातीच्या ग्रंथांचें हें मोठें लक्षण आहे: त्यांना दुरुस्ती साहते, किंबहुना दुरुस्तीची वाट पाहत तीं पुस्तकें कपाटांत उभीं असतात.

आतां आमच्या मुख्य सिद्धांताकडे येतां येईल. हरि नारायण आपटे ह्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' ह्या कादंबरींतील यमूचें दुःख वाचून डोळे भरून येतात; परंतु यमूच्या सासरच्या माणसांविषयीं हरिभाऊंनीं सांगितलें तेवढेंच सत्य. "तीं माणसें तशीं नव्हतीं हो, मी त्यांना ओळखत होतें," असें म्हणण्याचा अधिकार जगांत कोणालाहि नाहीं, कारण तें जगच लेखकानें निर्माण केलेलें आहे. त्या जगाचा तो धनी आहे. आपण पाहुणे आहों. चरित्राचें, इतिहासाचें, विचारग्रंथाचें तसें नाहीं. तेथें लेखक ज्या जगाविषयीं बोलतो त्या जगांत आपणहि राहतों. तें त्याच्या पुस्तकाच्या आधीं होतें आणि शेवटच्या पानानंतरहि राहणार असतें. म्हणून तेथें प्रत्येक वाचक साक्षीदार होऊं शकतो, आणि ज्यानें तें पुस्तक कधीं हातांत धरलें नाहीं असा मनुष्यहि होऊं शकतो. कथेचें जग लेखकाच्या मालकीचें. ह्या ग्रंथांचें जग सामाईक. सामाईक विहिरीचें पाणी कसें आहे हें एकट्यानें ठरवून कसें चालेल?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. वाचन हें एकांताचें सुख आहे; पुस्तकांविषयीं बोलणारे बहुधा पुस्तकांविषयीं न बोलतां स्वतःविषयींच बोलत असतात. चार माणसांत बसल्यावर अर्ध्या वाचलेल्या ग्रंथाची नांवें टाकणारे, प्रस्तावनेच्या बळावर निकाल देणारे आणि आपण वाचलें हें दुसऱ्यानें वाचलें नाहीं एवढ्यावरच संतुष्ट होणारे विद्वान् कोणाच्या परिचयाचे नाहींत? असल्यांच्या संगतीपेक्षां दार लावून मुकाट्यानें वाचत बसणें शतपट बरें. हें आम्ही मान्य करतों. आणि मान्य करतांना थोडे वरमतों, कारण ह्या वर्णनांत आम्ही स्वतः पुष्कळदां बसलों आहों. ज्याला तासाच्या ठोक्याला बोलावयाचें असतें त्याला आपण सांगतों आहों कीं मिरवतों आहों हा भेद फार दिवस कळत नाहीं. तो आम्हांस कळला तो एका घरगुती प्रसंगानें. निबंधांत स्वतःच्या घरच्या गोष्टी आणणें आम्हांस रुचत नाहीं. पण जो सिद्धांत आम्ही वर मांडला तो कोणत्याहि ग्रंथांतून घेतलेला नसून ह्या प्रसंगाचीच देणगी आहे, म्हणून तो सांगणें प्रामाणिकपणाचें होईल.

आमच्या आईचें वय ऐंशीच्या पलीकडे गेलें आहे. तिची शाळा चौथीनंतर सुटली, कारण पाठची भावंडें सांभाळावयाची होतीं. पुढें भावांच्या पुस्तकांवरून, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून आणि दिवाळी अंकांवरून ती वाचावयास शिकली, आणि डोळे होते तोंवर रोज दुपारीं कांहीं ना कांहीं वाचीत असे. तीन वर्षांपूर्वीं दृष्टि अधू होऊन तें वाचन थांबलें, आणि संध्याकाळीं अर्धा तास आम्ही तिला वाचून दाखवूं लागलों. पोथ्या झाल्या, कथा झाल्या. आणि एके दिवशीं, दुसरें कांहीं हाताशीं नव्हतें म्हणून, आम्हीं रमाबाई रानडे ह्यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें १९१० सालचें पुस्तक काढलें. वर्गांत त्यावर आम्ही अनेकदां बोललों होतों. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं लग्न होऊन न्यायमूर्तींच्या घरीं आलेली ती मुलगी, स्वतः तिला शिकविणारे पति, शिकते म्हणून तिला टोचून बोलणाऱ्या घरांतल्या वडील बायका, आणि तें सारें सोसून तिनें पुढें केलेलें कार्य, असा सरळ आलेख फळ्यावर काढावयाची आम्हांस संवय झाली होती. एका बाजूस प्रकाश, दुसऱ्या बाजूस अंधार.

त्या टोचण्यांचा भाग आला तेव्हां आईनें हात वर केला. "थांब जरा," ती म्हणाली, "त्या बायकांना कधीं कोणी शिकवायला बसवलं होतं का रे?"

आम्हीं म्हटलें, "नाहीं, त्यांतली एक नणंद तर विधवा होती. पण म्हणून दुसरीला अडवणें बरोबर का?"

"बरोबर आहे असं कुठं म्हणते मी? जिला जन्मभर मिळालं नाहीं, तिच्या डोळ्यांदेखत दुसरीला मिळतं, तेव्हां आंत काय होत असेल, तें आहे का तुझ्या पुस्तकांत?" मग थोडा वेळ ती गप्प राहिली. "सूनबाई कॉलेजांत शिकवायला जाऊं लागली ना, तेव्हां पहिले सहा महिने मी तिच्या डब्यांत लोणचं घालायला विसरायची. विसरत नव्हते रे मी."

आमच्या हातांतलें पुस्तक तसेंच राहिलें. त्या दिवशीं पुढें वाचन झालें नाहीं. ज्या ग्रंथाचा अर्थ आपणांस पूर्ण लागला आहे अशा समजुतीनें आम्ही इतकीं वर्षें तो शिकविला, त्याची एक सबंध बाजू आम्हीं पाहिलीच नव्हती. आणि ती दाखविणारी व्यक्ति त्याच छताखालीं, भिंतीच्या पलीकडच्या खोलींत, तितकींच वर्षें बसून होती. लोणच्याची गोष्ट आम्हीं मागाहून भीत भीत पत्नीच्या कानावर घातली, तेव्हां ती हंसली. तिला तें पहिल्याच आठवड्यांत समजलें होतें. न समजलेले काय ते आम्हीच होतों.

ह्या प्रसंगानें आमच्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें दिलीं असें आम्हांस वाटतें. आनंदाविषयीं पहिलें: त्या संध्याकाळीं आम्ही ओशाळलों हें खरें, पण त्या ओशाळण्याच्या तळाशीं एक विलक्षण हर्ष होता, आणि तो भिंतींत दार सांपडल्याचाच होता. फरक एवढाच कीं दार उघडलें तें दुसऱ्या बाजूनें. एकट्यानें वाचतांना आपण आपल्याशींच सहमत होत जातों. जें पटतें तेथें पेन्सिलीची रेघ ओढतों, आणि पुस्तक मिटतांना आपलीच मतें अधिक चांगल्या भाषेंत घेऊन बाहेर पडतों. त्याला सुख म्हणतां येईल, पण तें आरशाचें सुख होय. आपलें चुकलें होतें हें कळण्यांत जो आनंद असतो तो ललितेतर वाचनाचा सर्वांत उंच आनंद आहे, आणि त्यासाठीं दुसरें माणूस लागतें.

आणि ऋणाविषयीं दुसरें. आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांना ग्रंथांची जी कवाडें उघडलीं तीं आमच्या एकट्याच्या गुणांमुळें उघडलीं नाहींत. एकाला शाळेंत धाडतां यावें म्हणून घरोघर कोणी तरी, बहुधा कोणी बहीण, चौथीनंतर घरीं राहिली आहे. आम्हीं वाचलेलें आम्हीं विद्यार्थ्यांना सांगितलें, सभांतून सांगितलें, मासिकांतून लिहिलें. ज्यांच्या घरीं राहण्यावर तें वाचन उभें होतें त्यांना मात्र सांगितलें नाहीं, कारण त्यांना तें समजेल असें आम्हांस कधीं वाटलेंच नाहीं. हा केवळ विसराळूपणा नव्हे. डब्यांतल्या लोणच्यासारखाच तोहि होता.

महाराष्ट्राच्या इतिहासांत हें ऋण ओळखणारी माणसें होऊन गेलीं आहेत. जोतीराव फुले ह्यांनीं १८४७ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर असतांना, थॉमस पेनचें 'राइट्स ऑफ मॅन' हें पुस्तक वाचलें. फ्रान्सांतील क्रांतीच्या समर्थनार्थ लिहिलेला तो राजकीय ग्रंथ; पुण्याच्या पेठांशीं त्याचा वरवर कांहीं संबंध नाहीं. १८४८ सालीं त्यांनीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, आणि तेथें शिकविलें तें सावित्रीबाईंनीं, ज्यांना लिहावाचावयास स्वतः जोतीरावांनीं शिकविलें होतें. पुस्तक वाचलें म्हणून शाळा निघाली, असा एका ओळीचा हिशेब मांडणें भाबडेपणाचें होईल. मनुष्याच्या कृतीला अनेक मुळें असतात. तथापि मनुष्याचे हक्क सर्वांचे आहेत असें सांगणारें पुस्तक वाचावें, आणि शेजारीं बसलेल्या पत्नीला अक्षर येऊं नये, ही विसंगति त्या तरुणाला सोसवली नाहीं एवढें निश्चित. तीच विसंगति आमच्यासारख्या कित्येकांना सुखानें सोसते, आणि आम्ही तिला व्यासंग म्हणतों.

येथें कोणी विचारील कीं, मग काय प्रत्येकानें वाचलेलें पुस्तक घेऊन घरोघर प्रवचन करीत फिरावयाचें? मुळींच नाहीं. प्रवचन हें पुन्हां धन्याचेंच काम झालें. मित्राची रीति निराळी आहे, आणि ती शिकावयाची तर सोळाव्या शतकांतील फ्रेंच निबंधकार मोंतेन ह्याच्याकडे पाहावें. त्याचा जिवलग मित्र ला बोएसी १५६३ सालीं वारला. पुढें मोंतेन आपल्या गढीच्या मनोऱ्यांतील ग्रंथालयांत बसून लिहूं लागला, आणि १५८० सालीं त्याचे निबंध प्रसिद्ध झाले. बोलावयाला तसा कोणी असता तर आपण पत्रेंच लिहिलीं असतीं, अशा आशयाचें त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. म्हणजे आज जगभर रूढ झालेला निबंध हा वाङ्मयप्रकार जन्माला आला तो बोलावयास मित्र उरला नाहीं म्हणून. त्याची स्मरणशक्ति अधू होती. म्हणून पुस्तक संपलें कीं शेवटच्या पानावर तो केव्हां संपलें तें व आपलें मत टिपून ठेवी. मत आपलें आहे, आजचें आहे आणि उद्यां बदलूं शकेल, ही नम्रता त्या तारखेंत आहे. आपणहि वाचलेलें सांगतांना निकालाऐवजीं शंका घेऊन गेलों, आणि 'हें मला समजलें नाहीं' असें एक तरी पान बरोबर नेलें, तर ऐकणाऱ्याला बोलावयास जागा राहील.

असा संवाद कधीं कधीं अनोळखी माणसांशींहि होतो. ग्रंथालयाच्या पुस्तकांवर पेन्सिलीनें लिहूं नये हा नियम योग्यच आहे. परंतु तो मोडणाऱ्यांचे आम्ही मनांतून आभारी आहों. एका अर्थशास्त्रावरील जुन्या ग्रंथांत लेखकानें शेतकऱ्याच्या काटकसरीविषयीं दिलेल्या उपदेशापुढें कोणी तरी बारीक अक्षरांत 'साहेब, उरतें कुठें?' एवढेंच लिहून ठेविलेलें आम्हीं एकदां पाहिलें. त्या तीन शब्दांनीं त्या प्रकरणाचें जें परीक्षण केलें तें पुष्कळ पृष्ठांच्या टीकेला साधलें नसतें. लिहिणारा कोण, कोठला, हें कळण्याचा मार्ग नाहीं. पण तोहि त्या जगाचा रहिवासी होता, आणि आपली साक्ष देऊन गेला.

तात्पर्य, ललितेतर ग्रंथ औषधाच्या बाटल्या नव्हेत आणि धन्याचीं फर्मानेंहि नव्हेत. ते मित्राचें बोलणें आहे. आणि ऐकून घेऊन मुकाट्यानें उठून जाणारा मनुष्य मित्र म्हणवून घेण्यास पात्र नाहीं. त्याला उत्तर द्यावें लागतें, आणि तें उत्तर बहुधा आपल्या एकट्याजवळ नसतें.

आईचा तो प्रश्न आम्हीं त्या वर्षीं वर्गांत सांगितला. वर्गांत थोडी शांतता झाली, मग मागच्या बांकावरील एक विद्यार्थिनी उभी राहून म्हणाली, "सर, त्या बायकांना कोणी शिकवलं नाहीं हें खरं. पण रमाबाईंनीं तरी कमी सोसलं का? आणि त्यांनीं दुसऱ्या मुलींना अडवलं नाहीं. पुण्याला १९०९ मध्यें सेवासदन काढून शिकवलं. सोसल्यानंतर काय करायचं तें ज्याचं त्यानं ठरवायचं असतं." मुलीचें म्हणणें आम्हांस बिनतोड वाटलें, आणि संध्याकाळीं आम्हीं तें जसेंच्या तसें आईला सांगितलें. तिनें तें दोनदां सांगावयास लावलें.

"हुशार आहे मुलगी," ती म्हणाली. "बरोबर बोलली. लोणच्याचं तिला सांगितलंस का?"

"नाहीं."

"नको सांगूं. पण तिला एवढं विचार, रमाबाईंना घरांत एक तरी माणूस शिकवणारं मिळालं होतं. त्या दुसऱ्यांना कोण मिळालं होतं? आणि तें पान पुन्हां वाच मला. परवां अर्धंच राहिलं."

आम्हीं पान पुन्हां वाचलें. तो निरोप अद्याप आमच्यापाशींच आहे. सुट्टी संपून वर्ग सुरू झाले कीं पोंचवावयाचा आहे.